वाटाण्याचा कोंब ते चंद्राचा पृष्ठभाग : सिनेमा-कॅमेऱ्यांच्या तुलनेचा इतिहास

१९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर विल्यमसन कंपनीचा लाकडी पेटीचा, हँडल फिरवून चालणारा कॅमेरा उभा केला. तो कॅमेरा त्यांनी त्याच वर्षी लंडनला जाऊन आणला होता. त्या प्रवासासाठी त्यांना स्वतःची विमापत्रे गहाण टाकावी लागली होती. दिवसामागून दिवस ते त्या कुंडीची एकेक चौकट टिपत राहिले. तयार झालेल्या सुमारे मिनिटभराच्या फिल्ममध्ये मातीतून कोंब वर आला, त्याला पाने फुटली, वेल वाढली. नवे तंत्र आपल्या हाती आले आहे, हे भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी केलेला हा प्रयोग होता. तो यशस्वी झाला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांसमोर आला.

हाताने फिरवायचे हँडल ही त्या कॅमेऱ्याची मोठी उणीव होती. हात थकला की वेग मंदावे आणि पडद्यावरची माणसे विचित्र घाईने चालू लागत. मात्र वाटाण्याच्या प्रयोगात हीच उणीव उपयोगी पडली. फिल्म एका वेळी एकच चौकट पुढे सरकवायची आणि मग तासन्‌तास थांबायचे, ही मुभा हातानेच दिली. कॅमेऱ्याचा एखादा गुणधर्म वैशिष्ट्य ठरतो की दोष, हे त्याच्याकडून घ्यायच्या कामावर अवलंबून असते. आज दोन सिनेमा-कॅमेऱ्यांची तुलना करताना ‘के’, ‘स्टॉप’ आणि ‘बिट’ यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले जातात, तेव्हा नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते. सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास मात्र ती पुन्हा पुन्हा सांगत आला आहे.

या इतिहासातील पहिली मोठी तुलना एडिसन आणि ल्यूमिएर यांच्या यंत्रांची. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील कायनेटोग्राफ विजेच्या मोटरीवर चाले आणि सेकंदाला सुमारे ४० चौकटी टिपे. आकड्यांत तो निःसंशय सरस होता. पण तो इतका अवजड होता की न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे १८९३ साली त्याच्यासाठी खास स्टुडिओ बांधावा लागला. सूर्याचा प्रकाश आत यावा म्हणून त्या स्टुडिओचे छप्पर उघडे आणि अख्खी इमारत रुळावर फिरवता येई. जग कॅमेऱ्यासमोर आणावे लागे. ल्यूमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ सेकंदाला जेमतेम १६ चौकटी टिपत असे. पण त्याचे वजन पाच किलोच्या आसपास होते, त्याला वीज लागत नसे, आणि चित्रण, प्रत काढणे व प्रक्षेपण ही तिन्ही कामे तीच पेटी करी. चौकटी कमी असल्याने फिल्मही कमी लागे. सुमारे १७ मीटर फिल्ममध्ये जवळजवळ ५० सेकंदांचे चित्रण मावे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ रोजी हेच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचले. हलकेपणाची ही किंमत कमी चौकटींच्या रूपाने मोजली गेली होती. जगभर फिरण्यासाठी ती परवडणारी होती.

मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनीही असाच कॅमेरा परदेशातून मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर, गणिती रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा तो प्रसंगही त्यांनी टिपला. भारतातील अगदी सुरुवातीच्या वार्तापटांपैकी एकाचा नायक गणिती होता, ही बाब विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. स्टुडिओत अडकलेल्या यंत्राला बंदरावरचे ते स्वागत कधीच टिपता आले नसते.

बोलपट आले आणि तुलनेच्या तक्त्यात एक नवा रकाना उघडला : कॅमेऱ्याचा आवाज. तोवर यंत्राच्या खडखडाटाची कुणाला पर्वा नव्हती. आता तोच खडखडाट संवादांवर उमटू लागला. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या अर्देशिर इराणी यांच्या ‘आलम आरा’साठी वापरलेल्या टॅनार पद्धतीत चित्र आणि ध्वनी एकाच वेळी मुद्रित होत. स्टुडिओजवळून जाणाऱ्या रेल्वेगाड्यांमुळे बरेचसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यानंतर करावे लागले. कॅमेरा बंदिस्त पेटीत ठेवला की तो शांत होई. पण मग तो जागचा हलत नसे.

या बंधनातून उलट्या दिशेने गेला तो जर्मनीच्या आरी कंपनीचा, १९३७ सालचा आरिफ्लेक्स ३५. त्याच्या फिरत्या शटरवर तिरपा आरसा बसवलेला होता. शटर उघडे असताना प्रकाश फिल्मवर पडे. मिटले की तोच प्रकाश आरशावरून छायाचित्रकाराच्या डोळ्याकडे वळे. त्यामुळे भिंगातून नेमके काय दिसते आहे, हे चित्रण चालू असतानाच पाहता येऊ लागले. हातात धरून चालवता येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी हे वरदान होते. पण या योजनेत एक गमतीदार विसंगती दडलेली आहे. सेकंदाला २४ चौकटी आणि अर्धवर्तुळाकार शटर असे गणित धरले, तर प्रत्येक चौकटीला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो आणि उरलेला १/४८ सेकंद डोळ्याला. म्हणजे डोळ्याला जे क्षण दिसतात ते फिल्मवर उमटत नाहीत, आणि जे उमटतात ते दिसत नाहीत. शिवाय सुरुवातीच्या आरिफ्लेक्सचा आवाज थेट ध्वनिमुद्रणाला चालण्यासारखा नव्हता. वजन, दृश्य आणि शांतता या तिन्ही गोष्टी एका पेटीत मावत नव्हत्या. त्यातील दोन निवडाव्या लागत.

कॅमेऱ्याच्या तुलनेत प्रकाशाचा विसर पडू नये, याचा धडा भारतीय सिनेमाने जगाला दिला. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले गेले. तिथे उघड्या आकाशाचा मंद, सावल्या पुसट करणारा प्रकाश आणायचा कसा, हा प्रश्न होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर टाकून परतवला. छोट्या दिव्याची जागा मोठ्या पृष्ठभागाने घेतली. सावलीची कडा मऊ होण्यामागचे भौतिकशास्त्र इतकेच आहे. पडद्यावरचे रूप बदलले, पण ते बदलले कापडाने. त्यासाठी नवा कॅमेरा लागला नाही.

यानंतरचा बदल मुळापासूनचा होता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली; २००९ मध्ये तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. सिलिकॉनवर पडलेला फोटॉन इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि ते इलेक्ट्रॉन एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ढकलत शेवटी मोजले जातात. सिलिकॉनला रंग कळत नाही. म्हणून कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी प्रत्येक पिक्सेलवर रंगीत गाळणी बसवण्याची रचना सुचवली. तिचे पेटंट १९७६ चे. या रचनेत निम्मे पिक्सेल हिरवा, पाव तांबडा आणि पाव निळा प्रकाश मोजतात. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासाने भरले जातात. अशा एकाच सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ‘४के’ लिहिलेले असते, तेव्हा प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजलेले नसतात, हे ध्यानात ठेवावे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने प्रत्येक पिक्सेललाच स्वतंत्र प्रवर्धक देणारा सीमॉस सेन्सर विकसित केला. अंतराळयानावरचे कॅमेरे लहान आणि कमी विजेवर चालणारे व्हावेत, हा त्यामागचा हेतू होता. अवकाशासाठी घडवलेले हे तंत्र पुढे सिनेमात आले आणि २००८ साली त्याच्या दोन शाखा भारताच्या संदर्भात एकाच वेळी दिसल्या.

पहिली शाखा मुंबईत होती. ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी फिल्मच्या जोडीला एसआय-२के हा छोटा सीमॉस कॅमेरा वापरला. भिंग आणि सेन्सर असलेला त्याचा पुढचा भाग हातात धरायचा, चित्रण साठवणारा संगणक पाठीवर. धारावीच्या बोळांतून तो पळत्या मुलांमागे पळू शकला. मुख्यतः डिजिटल चित्रण असलेल्या चित्रपटाला छायाचित्रणाचे ऑस्कर मिळण्याची ती पहिलीच वेळ.

दुसरी शाखा २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाली. चांद्रयान-१ वरील टेरेन मॅपिंग कॅमेरा अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने तयार केला होता. त्यात आयताकृती सेन्सर नव्हताच. पिक्सेलच्या तीन रांगा होत्या : एक पुढे पाहणारी, एक सरळ खाली, एक मागे. १०० किलोमीटर उंचीवरून २० किलोमीटर रुंदीची पट्टी ५ मीटरच्या बारकाव्याने टिपायची, म्हणजे रांगेत ४,००० पिक्सेल पुरेसे. प्रतिमेची लांबी यानाच्या गतीने मिळे. चंद्राच्या पृष्ठभागावरील ५ मीटर अंतर यान सुमारे ३ मिलिसेकंदांत ओलांडते. तेवढ्या अवधीत एक ओळ वाचून पुढची घ्यायची. तीन कोनांतून आलेल्या प्रतिमांवरून डोंगर आणि विवरे यांची उंची काढता आली.

या दोन कॅमेऱ्यांची तुलना विद्यार्थ्यांना पुष्कळ शिकवते. सिनेमाचे बहुतेक सीमॉस सेन्सरही प्रतिमा ओळीओळीने, वरून खाली वाचतात. शेवटची ओळ वाचली जाईपर्यंत वेगाने आडवी जाणारी लोकलगाडी थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून तिचे खांब तिरपे दिसतात. छायाचित्रकार याला ‘रोलिंग शटर’चा दोष म्हणतो. चंद्राभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र ओळीओळीने वाचणे आणि त्याच वेळी पुढे सरकणे हीच प्रतिमा घडवण्याची रीत होती. वाटाण्याच्या कुंडीसमोरील हँडलची गोष्ट इथे नव्या रूपात परत आली.

याच सुमारास बाजारात आकड्यांची स्पर्धा सुरू झाली. २००७ चा रेड वन हा आडव्या दिशेत सुमारे ४,५०० पिक्सेल देणारा कॅमेरा होता. २०१० मध्ये आरी कंपनीने ॲलेक्सा आणला. त्याची रुंदी अवघी २,८८० पिक्सेल. तरीही असंख्य छायाचित्रकारांनी ॲलेक्साची निवड केली. त्यावर चित्रित झालेल्या ‘ह्यूगो’ (२०११) या चित्रपटाला छायाचित्रणाचे ऑस्करही मिळाले. याचे कारण पिक्सेलच्या आकारात आहे. दोन्ही सेन्सरांची रुंदी जवळपास सारखीच, २४ मिलिमीटरच्या आसपास. रेड वनचा पिक्सेल सुमारे ५.४ मायक्रोमीटरचा, तर ॲलेक्साचा ८.२५ मायक्रोमीटरचा. क्षेत्रफळ २.३ पट, म्हणजे तेवढ्याच वेळात गोळा होणारे फोटॉनही साधारण तेवढ्या पटीने अधिक.

प्रकाश कणाकणाने येतो आणि त्याच्या संख्येत अटळ चढउतार असतो. १०० फोटॉन अपेक्षित असतील तर प्रत्यक्ष संख्या १० च्या आसपास वरखाली होते, म्हणजे अनिश्चितता १० टक्के. १०,००० अपेक्षित असतील तर ती १ टक्क्यावर येते. अंधाऱ्या खोलीतील चित्रात दिसणारी भुरभुर मोठ्या प्रमाणात याच नियमाची खूण असते. सॉफ्टवेअर ती झाकते, हरवलेले फोटॉन परत आणत नाही. मोठा पिक्सेल अधिक इलेक्ट्रॉनही साठवतो. ॲलेक्सात तर प्रत्येक पिक्सेल दोन वेगवेगळ्या प्रवर्धनांनी एकाच वेळी वाचला जाई, एक सावलीसाठी, दुसरा उजेडासाठी. त्यातून सुमारे १४ स्टॉपची डायनॅमिक रेंज मिळे. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणून १४ स्टॉप म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ तपशिलांत सुमारे १६,००० पटींचा फरक. खिडकीबाहेरचे ऊन आणि खोलीतला चेहरा एकाच चौकटीत टिकवायचा असेल, तर वाढीव पिक्सेलपेक्षा हा गुण मोलाचा.

उरतो साठवणीचा प्रश्न. ४,०९६ गुणिले २,१६० पिक्सेल, प्रत्येकी १२ बिट, सेकंदाला २४ चौकटी, इतके कच्चे चित्रण न आकुंचवता ठेवले तर तासाला सुमारे १.१ टेराबाइट जागा लागते. ते आकुंचवले की जागा वाचते. पण आकुंचन फार केले तर नंतर रंग सुधारताना आकाशात पट्टे उमटतात. जागा वाचवायची की रंगांचे काम, हा निर्णयही शेवटी कामच घेते.

आज चित्रपट शिकणाऱ्या मुलामुलींकडे पैसे मोजके असतात, आणि तक्त्यातील सर्वांत मोठा आकडा त्यातले बहुतेक गिळून टाकतो. मग भिंगाला, दिव्याला, ध्वनीला काही उरत नाही. रात्रीचा माहितीपट करणाऱ्याने आधी पिक्सेलचा आकार आणि अंधारातील भुरभुर तपासावी. क्रीडा किंवा नृत्य टिपणाऱ्याने सेन्सर वाचायला लागणारा वेळ. उन्हातली कथा सांगणाऱ्याने डायनॅमिक रेंज. आणि पक्ष्याच्या घरट्यासमोर महिनाभर बसणाऱ्याने यंत्राची ऊब, वीज आणि सावकाश एकेक चौकट घेण्याची सोय. अहमदाबादच्या अभियंत्यांनी किती ओळी, किती वेगाने आणि कशासाठी, हे आधी ठरवले होते. फाळके यांच्याकडे गहाणाच्या पैशांतून आलेला एकच कॅमेरा होता, आणि त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे हे त्यांना ठाऊक होते : एक वाटाणा, एक कुंडी आणि एका वेळी एक चौकट.