सरासरी ६० एफपीएस, तरी गेम अडखळतो

गेम अडखळायला लागला की आपण सगळे ठरलेला उपचार सुरू करतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करायचा, सावल्या 'हाय'वरून 'लो'वर आणायच्या, मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करायचे. मग कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा बघायचा. तो म्हणतो ६०. आणि तरीही मान वळवली की चित्र गचका खातं! आकडा खोटं बोलतोय का? नाही, खरंच बोलतोय. फक्त भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. हा भलता प्रश्न आपल्या गळ्यात कसा पडला, ती गोष्ट मला फार आवडते.

गोष्ट सुरू होते १९९६ साली, आयडी सॉफ्टवेअरच्या 'क्वेक'पासून. जून महिन्यात क्वेक बाहेर आला तेव्हा त्यातलं सगळं त्रिमितीय चित्र सीपीयूच रंगवत होता. जॉन कारमॅक आणि मायकेल अ‍ॅब्रॅश या जोडीपुढचा मोठा प्रश्न होता, खेळाडूला कुठल्या भिंती दिसतात आणि कुठल्या झाकलेल्या आहेत हे पटकन ठरवायचं कसं? आधी करून पाहिलेली एक पद्धत साध्या खोलीत सुसाट पळायची, पण गुंतागुंतीच्या जागी आली की बसायची. अ‍ॅब्रॅशने नंतर यावर सविस्तर लिहिलंय. त्यांना नुसता वेग नको होता, समतोल हवा होता. सगळ्यात वाईट क्षणसुद्धा बरा गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी कष्टाचं काम आधीच उरकून टाकलं. नकाशा बनवतानाच कुठल्या भागातून कुठले भाग दिसू शकतात याची यादी करून ठेवायची, आणि खेळताना ती नुसती वाचायची.

आता गंमत बघा. याच क्वेकमध्ये 'टाइमडेमो' नावाची एक कमांड होती. रेकॉर्ड केलेला खेळ ती जमेल तितक्या वेगाने पळवायची आणि शेवटी सांगायची, इतक्या फ्रेम्स, इतके सेकंद, म्हणजे इतके एफपीएस. झालं! कार्डांची परीक्षणं लिहिणाऱ्यांना आयता आकडा मिळाला. ज्याचा पट्टा लांब ते कार्ड भारी. १९९९ मध्ये 'फ्रॅप्स' आलं आणि जवळपास कुठल्याही गेमच्या कोपऱ्यात तो पिवळा आकडा झळकू लागला. ज्यांनी वाईट क्षणाची काळजी केली, त्यांच्याच गेमने जगाला सरासरीची सवय लावली.

सरासरीत घोळ काय आहे? हिशेब करू. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. समजा ५९ फ्रेम्स प्रत्येकी साडेतेरा मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम २०० मिलिसेकंद रखडली. बेरीज जवळपास एक सेकंद, फ्रेम्स ६०. आकडा झकास, पण त्या २०० मिलिसेकंदांत तुम्ही गोळी खाऊन मोकळे. सरासरी कमरेइतकं पाणी असलेल्या नदीत माणूस बुडतो, तसंच हे.

सप्टेंबर २०११ मध्ये 'टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसनने हेच मांडलं. सेकंदात फ्रेम्स किती, हे मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते बघा, असं तो म्हणाला. त्यासाठी त्याने नवं यंत्र आणलं नाही. फ्रॅप्स प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवू शकत होतंच, त्याने ती नोंद वाचली. त्यातून त्याने ९९वा पर्सेंटाइल काढला. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे लगेच पटेल. सरासरी रिस्पॉन्स टाइम दाखवून कोणी बढाई मारली, की आपण 'पी-नाइन्टीनाइन किती?' असंच विचारतो ना!

परिणामही झाला. दोन कार्डं जोडून खेळताना काही फ्रेम्स पडद्यावर चिंचोळ्या पट्टीएवढ्याच उमटत, तरी गणतीत पूर्ण धरल्या जात. २०१३ मध्ये एनव्हिडियाने आणलेल्या 'एफकॅट'ने हे उघडं पाडलं, आणि त्याच वर्षी एएमडीला ड्रायव्हरमध्ये फ्रेम्सचं अंतर सारखं करणारी दुरुस्ती द्यावी लागली. वॉसन पुढे एएमडीतच नोकरीला लागला!

रोग अजून गेलेला नाही, फक्त रूप बदललंय. डिसेंबर २०२२ मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' पीसीवर आला तो गचके खातच, कारण शेडर ऐन खेळात कंपाइल होत होते. आज कित्येक गेम सुरुवातीलाच 'शेडर तयार होत आहेत' म्हणत आपल्याला थांबवतात. म्हणजे पुन्हा क्वेकचीच युक्ती, कष्टाचं काम आधी उरका.

तेव्हा पुढच्या वेळी सेटिंग्जना हात लावण्याआधी फ्रेमटाइमचा आलेख लावा. रेघ सगळीकडेच उंच असेल तर भार जास्त आहे. रिझोल्यूशन उतरवा. फरक पडला तर ग्राफिक्स कार्ड दमलंय, नाही पडला तर बहुधा सीपीयू. पण रेघ सपाट आणि मध्येच सुळके असतील, तेही नव्या जागी पहिल्यांदाच, तर शेडरवर संशय घ्या. तिथे सावल्या कमी करून फारसं काही होणार नाही, चित्र मात्र उगाच भिकार दिसेल.

असो. आलेख लावायला दोन मिनिटं लागतात. नवं कार्ड घ्यायला एक पगार.