रविवारी चर्चमध्ये जाताना

आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत, त्यातल्या एक मावशी ख्रिस्ती. नऊ वर्षं त्या आमच्या संक्रांतीच्या वाणाला येतात. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला त्यांच्या चर्चमधल्या कापणीच्या सणाला बोलावलं, आणि आदल्या रात्री माझा फोन थांबेना. "ताई, डोक्यावरून पदर घ्यायचा का?" "चपला काढायच्या का?" एकीनं तर हळूच विचारलं, "तिथं प्रसादासारखं काही देतात म्हणे. ते घेतलं की धर्म बदलतो का हो?" हसू नका. नीट उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी इतिहासात बी.ए. केलेली बाई!

मग मावशींना विचारलं, थोडं वाचलं. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईला आले आणि 1831 साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. त्यांची उपासना साधी होती. प्रार्थना, बायबलचं वाचन, प्रवचन, गाणी. पण इथं त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक गावकुसाबाहेरच्या महार-मांग वस्त्यांतले, आणि काही थोडे ब्राह्मण. तेव्हा खरा प्रश्न देवाचा नव्हता, शेजारी कोण बसणार याचा होता. त्यातही प्रभुभोजन. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर केलेल्या जेवणाची ही आठवण. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात हा घोट घेणं म्हणजे काय, याचा विचार करा.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपल्यातल्या पुष्कळ जणींनी वाचलं असेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंनी त्यानंतरही सोवळं सोडलं नाही. दुसऱ्याच्या हातचं पाणी हा त्यांच्यासाठी मोठा डोंगर होता. तो ओलांडायला त्यांना वर्षं लागली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माणूस घरातल्या घरात किती हळू बदलतो, हे त्या पुस्तकाइतकं प्रांजळपणे फार कमी ठिकाणी लिहिलंय.

आता फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर. प्रभुभोजन हे मंडळीच्या सभासदांसाठी असतं. पाहुण्यांनी जागेवर बसून राहायचं, कुणी वाईट मानत नाही. भाकरीच्या तुकड्यानं धर्म बदलत नाही. बाप्तिस्मा ही वेगळीच गोष्ट, ती ठरवून, कबुली देऊन घ्यायची.

आम्ही गेलो. घंटा झाली, सगळे उभे राहिले, पहिलं गीत सुरू झालं, आणि आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पेटी, तबला आणि चाल सरळ अभंगाची! याचाही इतिहास आहे. सुरुवातीला विलायती चालींवर बेतलेली मराठी गाणी म्हणत. पुढे नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कथेसाठी कीर्तनाचा बाज घेतला, आणि टिळकांनी तर ओवी-अभंगात कितीतरी भक्तिगीतं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक मावशींनी आमच्या हातात दिलं, तसं आम्हीही हलक्या आवाजात म्हटलं.

पापांची कबुली, मग वाचन. वाचायला पुढे आली ती डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई. (पदर घेतला नाही तरी कुणी टोकत नाही, पण बऱ्याच जणी घेतात. चपलांचं म्हणाल तर दारातल्या इतरांकडे बघायचं.) मला पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांनी सबंध बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं, तेही घरातल्या कामवालीलाही कळावं म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात टाइप जुळवायला बायकाच होत्या. रमाबाई 1922 साली गेल्या, पुस्तक 1924 साली बाहेर आलं.

प्रवचन जरा लांबलं, खोटं कशाला बोलू. मग दानाची थैली फिरली, ज्याला जमेल त्यानं टाकायचं, आणि शेवटी पाळकांनी आशीर्वाद दिला.

त्यानंतर अंगणात लिलाव. लोकांनी शेतातलं, परसातलं आणून वाहिलेलं असतं. ज्वारी, नारळ, अंडी, एक कोंबडासुद्धा. बोली लावून ते विकतात आणि पैसे चर्चला. आमच्या गटानं 110 रुपयांना एक लाल भोपळा घेतला. टमटममध्ये बसल्यावर वाद सुरू झाला. अख्खा भोपळा बाईनं कापायचा नसतो ना! "आणा इकडे," म्हणत मावशींनी पिशवीतून सुरी काढली आणि मांडीवरच त्याचे अकरा तुकडे केले. सगळ्यांनी घेतले.

पुढच्या बैठकीला प्रसादाचं विचारणारी डबा घेऊन आली. त्यात घारगे होते. पहिला तिनं मावशींच्या हातावर ठेवला.