नांवाची वांटणी

मास्तरकी करणाऱ्यास नांवांचा घोटाळा नवा नाहीं. माझ्या हजेरीपटांत एका वर्षीं तीन विनायक होते, आणि त्यांपैकीं दोघांचें आडनांवही एकच. मध्यें बापाचें नांव घातलें कीं आमचा प्रश्न सुटे. बाजारांतला प्रश्न इतक्या सहजासहजीं सुटत नाहीं, हें मला गेल्या उन्हाळ्यांत कळलें.

आमच्या धंतोलींत शेजारची एक सूनबाई घरीं मसाले व लोणचीं करून मोबाइलवरून विकते. मालास नांव दिलें आहे सासूबाईंचें. एके दिवशीं इंग्रजी कागद हातांत घेऊन ती आली आणि म्हणाली, "काका, एवढें वाचून सांगा ना. मला तर ही धमकीच वाटते." दुसऱ्या शहरांतील एका दुकानानें वकिलामार्फत कळविलें होतें कीं, तुमचें नांव आमच्या नोंदलेल्या नांवासारखें आहे, पंधरा दिवसांत तें बंद करा. दोन हजार लेबलें छापून घरांत पडलेलीं! मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. कागद वाचून दिला, पण उत्तर सुचेना. त्या निमित्तानें ह्या विषयाचा जो इतिहास वाचनांत आला, तो आज आपल्यापुढें ठेवतों.

मालावर खूण करण्याची चाल फार जुनी, तिची सरकारी नोंद मात्र अलीकडची. इंग्लंडांत १८७५ सालीं कायदा झाला, आणि १ जानेवारी १८७६ रोजीं पहिली नोंद झाली ती बास ह्या बियरच्या कारखान्याच्या तांबड्या त्रिकोणाची. आपल्याकडे नोंदणीचा कायदा १९४० सालचा. तो १९४२ च्या जूनपासून अमलांत आला. पुष्कळांस अक्षरओळख नसल्यामुळें गिऱ्हाईक कापडाच्या ठाणावरचें रंगीत चित्र पाहून माल ओळखी.

पुढें चित्रांऐवजीं नांवांचे तंटे वाढले. १९४९ सालीं शांग्रिला नांवाच्या कंपनीनें आपल्या बिस्किटांसाठीं 'ग्लुव्हिटा' हें नांव नोंदविण्याचा अर्ज केला. 'ग्लुकोव्हिटा' आधींच बाजारांत होतें. त्याच्या मालकांनीं हरकत घेतली. १९५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हरकत मान्य केली. मधलें 'को' गळलें एवढ्यानें दोन नांवें वेगळीं होत नाहींत, कारण गिऱ्हाईक दोन पुडे शेजारीं ठेवून पाहत नाहीं. त्याच्या मनांत पहिल्या नांवाची अर्धवट आठवण असते, तिच्यावरच तें चालतें. ही कसोटी मला फार शहाणपणाची वाटते. १९६२ सालीं 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' ह्या दोन औषधांचा वाद त्याच न्यायालयापुढें आला. नांवें फसवण्याइतकीं सारखीं आहेत असें ठरलें. तथापि पहिल्यानें दुसऱ्याची विक्री वर्षानुवर्षें मुकाट्यानें चालूं दिली होती, म्हणून लक्ष्मणधारेस नोंद मिळाली, पण ती उत्तर प्रदेशापुरतीच. प्रांताच्या शिवेवर नांव थांबावें, ही कल्पना ध्यानांत ठेवा.

कारण हीच कल्पना आम्हां नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाच्या एका घराण्यांत दिसते. बिकानेरचे गंगाबिशन अग्रवाल, ज्यांस हलदीराम म्हणत, ते भुजिया विकीत. १९६५ सालीं 'चांदमल गंगाबिशन' ही घरच्या मंडळींची भागीदारी झाली, आणि १९७२ च्या डिसेंबरांत नांव नोंदणीस गेलें. १९७४ सालीं भागीदारी मोडली. तेव्हां भांडींकुंडीं वांटावीं तसें नांवही वांटलें गेलें. पश्चिम बंगाल एका शाखेस, बाकीचा सारा देश मूलचंद ह्या मुलाच्या शाखेस. मूलचंदांचे एक चिरंजीव शिवकिसन नागपुरास आले, दुसरे मनोहरलाल दिल्लीस गेले. त्यांच्या संत्रा बर्फीचा डबा घेतल्यावांचून आमचा पाहुणा गाडींत बसत नाहीं, आणि हें घराणें मूळचें बिकानेरचें असें सांगितलें तर कित्येकांस खरें वाटत नाहीं.

१९९१ च्या अखेरीस बंगालच्या शाखेकडील मंडळींनीं दिल्लीच्या करोल बागेंत त्याच नांवाचें दुकान थाटलें. दिल्लीकर कोर्टांत गेले. प्रतिवादींनीं पेंच टाकला कीं, दावा आणणारी भागीदारी त्या दिवशीं नोंदलेलीच नव्हती, मग दावा चालेल कसा? २००० च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशी भागीदारी आपल्या व्यवहारांतील करारावरून दावा आणूं शकत नाहीं हें खरें. पण नांवाच्या चोरीची तक्रार करारांतून उपजत नाहीं, म्हणून दावा चालेल. आठ वर्षें गेलीं तीं केवळ दावा चालेल कीं नाहीं हें ठरविण्यांत! मूळ वाद पुढें राहिलाच. २०२५ सालीं दिल्ली आणि नागपूर ह्या शाखांचा पुडेबंद खाद्यपदार्थांचा धंदा एका कंपनीखालीं आला.

वांटणी करणाऱ्यांस मी दोष देत नाहीं. १९७४ सालीं प्रांताची शीव खरी होती. कलकत्त्याचा माल बव्हंशीं कलकत्त्यांतच खपे. इंटरनेटनें ती शीवच पुसून टाकली. ह्याचा एक मोठा अनुभव मुंबईस आला. 'रेडिफ' ह्या कंपनीचें संकेतस्थळ चालूं असतां दुसऱ्या कोणी 'रॅडिफ' हें नांव घेतलें. 'रॅडिकल' शब्दाचीं पहिलीं तीन इंग्रजी अक्षरें आणि पुढील तीन शब्दांचें एकेक आद्याक्षर जोडून हें नांव आम्हीं घडविलें, असा त्यांचा खुलासा! वर्गांत नक्कल करून पकडलेला मुलगाही याहून बरी सबब सांगतो. १९९९ च्या एप्रिलमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस मनाई केली आणि म्हटलें कीं, संकेतस्थळाचें नांव हा केवळ पत्ता नव्हे, ट्रेडमार्काइतकेंच त्यास संरक्षण आहे. २००४ सालीं 'सिफी'च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच धरलें.

हें सर्व मोठ्यांचें झालें. आमच्या सूनबाईस आठ वर्षें कोर्टांत घालविणें परवडणारें नाहीं. सुदैवानें १९९९ च्या कायद्यांत दोन कलमें तिच्या उपयोगाचीं निघालीं: स्वतःचें नांव प्रामाणिकपणें वापरणाऱ्यास अडवितां येत नाहीं, आणि नोंदणाराच्या आधींपासून जो नांव सतत वापरीत आला त्याचाही हक्क राहतो. पण पहिल्या कलमांत स्वतःचें नांव म्हटलें आहे, सासूचें चालेल किंवा कसें, ह्यावर आमच्या ओळखीच्या वकिलांनीं मान हलविली. त्यांचा भर दुसऱ्यावर. सासूबाई त्याच नांवानें तीस वर्षें पापड विकीत होत्या हें साऱ्या गल्लीस ठाऊक. कागद मात्र एकही नाहीं. सूनबाईनें कपाटें उपसलीं. शेवटीं गव्हाच्या कोठीमागें एक उधारीची वही सांपडली, पहिल्या पानावर सासूबाईंच्या हातचें तें नांव आणि खालीं तारीख.

त्या पानाची नक्कल जोडून उत्तर धाडलें आहे. नोंदणीचा अर्जही मुंबईच्या कचेरीकडे गेला. व्यक्तीस त्याची फी साडेचार हजार रुपये पडते. समोरच्यांचें उत्तर अद्याप नाहीं. लेबलांवर तिनें तूर्त शाईनें सासूबाईंचें संपूर्ण नांव व खालीं 'धंतोली, नागपूर' असें लिहिण्यास आरंभ केला आहे. दोन हजारांपैकीं चारशें मीं लिहून दिलीं.