चाळीस लाख लेखांचा खटला

छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे पोथी हवी असली तर ती मागून आणायची, रात्री जागून उतरवून घ्यायची आणि ज्याची त्याला परत करायची, अशी रीत होती. उतरवून घेणाऱ्याला कोणी चोर म्हणत नसे. आज मोबाइलवर वा संगणकावर आपण ‘डाउनलोड’ करतो म्हणजे तरी काय? उतरवूनच घेतो. पण या उतरवून घेण्यापायी अमेरिकेतील एका तरुणावर केवढे संकट ओढवले, त्याची ही हकीगत आहे.

या तरुणाचे नाव आरन स्वार्ट्झ. जन्म १९८६ सालचा, शिकागोजवळचा. संकेतस्थळावरचा ताजा मजकूर आपोआप वाचकाकडे पोचविणाऱ्या ‘आरएसएस’ पद्धतीचे नियम ज्या मंडळींनी बसविले, त्यांत हा होता. वय चौदा! आपल्याकडे या वयाचा मुलगा नववीत असतो, बरं का.

पुढे त्याला एक गोष्ट खटकू लागली. अमेरिकेतील मध्यवर्ती न्यायालयांचे कागद संगणकावर पाहायचे, तर तेव्हा पानाला ८ सेंट पडत. वास्तविक त्या कागदांवर कोणाचाही मालकी हक्क नाही. २००८ साली सतरा ग्रंथालयांतून ते फुकट दाखविण्याचा प्रयोग चालू होता. आरनने ही संधी साधून सुमारे दोन कोटी पाने उतरवून घेतली. प्रयोग बंद पडला, चौकशी झाली, पण खटला काही उभा राहिला नाही.

आता मुख्य गोष्ट. संशोधकांचे लेख ज्या नियतकालिकांत येतात, त्यांचा व्यवहार मोठा मौजेचा आहे. लेख लिहिणाऱ्याला बहुधा पैसा मिळत नाही. लेख तपासून देणारे विद्वानही बहुधा फुकटच राबतात. पुष्कळसे संशोधन सरकारी पैशातून, म्हणजे लोकांच्या करातून होते. आणि छापून आल्यावर तोच लेख वाचायला लोकांनी पुन्हा पैसे मोजायचे! सकाळी डेअरीला दूध फुकट घालावे आणि संध्याकाळी चहापुरते तेच विकत आणावे, अशातली ही गत. हा वाढता खर्च श्रीमंत विद्यापीठांना कसाबसा झेपतो. बाकीच्यांनी काय करावे?

या लेखांचे एक मोठे भांडार म्हणजे ‘जेस्टोर’. हे काही नफेखोर दुकान नव्हे. ग्रंथालयांच्या फडताळांतील जुन्या अंकांची गर्दी कमी व्हावी म्हणून १९९५ साली निघालेली ही ना-नफा संस्था. पण तिलाही वर्गणी घ्यावी लागे आणि त्यातला वाटा प्रकाशकांना द्यावा लागे.

२०१० च्या सप्टेंबरात आरनने मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या जाळ्यातून हे लेख उतरवून घेण्यास आरंभ केला. तेथे पाहुण्यालाही ते जाळे वापरता येई. मात्र त्याने चालविलेला सपाटा पाहून जेस्टोरने आडकाठी घातली. याने वाट बदलली. शेवटी तळघरातील तारांच्या खोलीत त्याने आपला संगणकच जोडून ठेवला. चाळीस लाखांहून अधिक लेख जमले. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली.

आरनची चूक नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. त्याच्यामुळे जेस्टोरने काही दिवस त्या संस्थेचा दरवाजाच लावून घेतला. तेथील विद्यार्थ्यांचे वाचन अडले, त्यांचा काय अपराध? पण त्याने तो साठा जेस्टोरला परत केला आणि जेस्टोरनेही आपल्यापुरता वाद मिटविला. जिचा माल गेला, ती गप्प राहिली. सरकार मात्र थांबेना. पहारीने करा की संगणकाने, चोरी ती चोरीच, असा सरकारी वकिलांचा पक्ष. लावलेला मुख्य कायदा १९८६ चा, आरनच्याच वयाचा. इंटरनेट घरोघर पोचण्याआधीचा! आधी चार आरोप होते, २०१२ च्या सप्टेंबरात ते तेरा झाले. सगळे शाबीत झाले असते तर कागदोपत्री शिक्षा पन्नास वर्षांपर्यंत जात होती. गुन्हा कबूल केलास तर सहा महिन्यांवर भागवू, असेही सांगण्यात आले. त्याने नाकारले.

मधल्या काळात तो स्वस्थ बसला नव्हता. चोरट्या नकला रोखण्यासाठी म्हणून आलेल्या एका विधेयकाने संकेतस्थळेच्या संकेतस्थळे बंद पाडता आली असती. त्याविरुद्ध त्याने लोक जागे केले. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून दिवसभर दार बंद ठेवले आणि विधेयक बारगळले.

खटला एप्रिल २०१३ मध्ये उभा राहायचा होता. त्याआधीच, ११ जानेवारीला, आरनने न्यूयॉर्कमध्ये आपल्या जीवनाचा शेवट केला. वय सव्वीस. एका खटल्यानेच हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. माणसाच्या मनातले कोण सांगणार? तीन दिवसांनी सरकारने खटला काढून घेतला.

आपल्या देशानेही या वर्गणीच्या प्रश्नावर एक उपाय काढला. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० वर सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्था. रक्कम लहान नाही. पण या यादीत जिल्हा परिषदेची शाळा बसत नाही. वाडीवरच्या गुरुजींना एखादा लेख हवाच असेल तर?

त्यांच्यासाठी एक वाट आहे. आरनच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी, ९ जानेवारी २०१३ रोजी, जेस्टोरने कोणालाही १,२०० नियतकालिकांतले थोडे लेख फुकट वाचू देण्याचे जाहीर केले होते. दर पंधरवड्याला तीन लेख. २०२० साली ही मर्यादा महिन्याला शंभर लेखांवर नेण्यात आली. पडद्यावर वाचायचे. नाव नोंदवावे लागते, पैसे पडत नाहीत.