टोपीवरचे दोन तारे

शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे शाळेच्या फलकावर लिहिण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. तो फलक आम्हांलाही प्रिय आहे. मात्र वर्गातील उरलेल्या मुलांना त्यावर जागा नसते. प्रत्येक बालकाला आपापल्या चालीने मिळवता येईल अशा सन्मानाची कल्पना ज्या चळवळीने रुजवली, तिचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्याजोगा आहे.

बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर शिबिर भरवले, ते मोठ्या मुलांसाठी. धाकट्यांसाठी ‘वुल्फ कब’ शाखा निघाली ती 1916 साली, किपलिंगच्या मोगलीकथांच्या आधाराने. मोगलीचे ते रान सिवनीचे, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारचे! शाखेची घडी बसवण्यात बेडन-पॉवेल यांना व्हेरा बार्कले (1893–1989) ह्या तरुणीचे मोलाचे साहाय्य झाले. अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या ह्या कन्येने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. मुलांसाठी तिने संतकथाही लिहिल्या.

लांडग्याचे पिल्लू मिटल्या डोळ्यांनी जन्मते. म्हणून नव्या कबच्या टोपीवर तारा नसे. पहिली चाचणी पुरी झाली की एक तारा मिळे, म्हणजे एक डोळा उघडला. दुसरी झाली की दुसरा. चाचण्या तरी कसल्या? दोरीची गाठ मारणे, घड्याळ वाचणे, रोप वाढवणे, नखे स्वच्छ ठेवणे, डोक्यावर पुस्तक तोलून चालणे. (डोक्यावर घागर घेऊन पाणी आणणाऱ्या आमच्या मुलींना ही शेवटची परीक्षा हसूच आणील.) दुसऱ्याला मागे टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

भारतात बालवीर पथक 1909 साली बंगळूरला निघाले, पण ते गोऱ्यांच्या मुलांसाठी. पुढे ॲनी बेझंट आणि पंडित मालवीय यांच्या प्रेरणेने भारतीय मुलांच्या संघटना उभ्या राहिल्या. 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संस्था स्थापन झाली. ताऱ्यांच्या जागी चरण आले: कबसाठी प्रथम ते चतुर्थ चरण, बुलबुलसाठी कोमल, रजत, स्वर्ण व हीरक पंख, आणि त्यानंतर दोघांसाठीही ‘गोल्डन ॲरो’. एडिंबरोच्या ड्यूकची 1956 सालची प्रसिद्ध पुरस्कार योजना चौदा वर्षांवरील मुलांसाठी आहे; पाच ते दहा वर्षांच्या बालकांना आपली वाटावी अशी ही कब-बुलबुलचीच.

आता धाराशिवकडे वळू. हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. उस्मानाबादचे अधिकृतपणे धाराशिव झाले ते 2023 साली. अवर्षण येथे पाहुण्यासारखे येत नाही, घरच्यासारखे राहते. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात.

येथेच ह्या योजनेची खरी कसोटी लागते. एकेका चरणाला महिने लागतात आणि शिक्षकाने मुलाला रोज पाहावे लागते. जून-जुलैत लावलेले रोप फुलावर येते, तेव्हा ते लावणारा मुलगा फडावरच्या कोपीत असतो. परतल्यावर त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे करणे आम्हांला अन्यायाचे वाटते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात, हा मोठाच आधार आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराला मागे ठेवायला कोणती आई सहज तयार होईल?

आमच्या मते, ज्या शाळेला हा उपक्रम चालवायचा असेल तिने मुलाच्या प्रगतीची नोंद एका साध्या वहीत करून ती त्याच्यासोबत द्यावी. गाठ मारणे, जखम धुऊन पट्टी बांधणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे हे फडावरही घडते. किंबहुना तेथेच अधिक घडते. मार्चमध्ये परतलेल्या मुलाला गुरुजींनी एवढेच विचारावे, “बाळ, तिकडे काय काय केलेस?” आणि ते वहीत लिहून घ्यावे.