अल्प-कार्बोहायड्रेट आहार : सातत्य आणि खंड

धान्ये, साखर, कंद व गोड फळे यांतून मिळणाऱ्या कार्बोहायड्रेटांचे प्रमाण हेतुतः कमी करून शरीराची ऊर्जेची गरज मुख्यत्वे वसा (स्निग्ध पदार्थ) व प्रथिने यांवर भागविणाऱ्या आहारास अल्प-कार्बोहायड्रेट आहार म्हणतात. सर्वसाधारण मिश्र आहारात एकूण ऊर्जेपैकी सु. निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा कार्बोहायड्रेटांपासून मिळते. अल्प-कार्बोहायड्रेट आहारात त्यांचे दैनिक प्रमाण सामान्यतः १३० ग्रॅमपेक्षा कमी आणि त्याच्याच कीटोजनक या कडक प्रकारात ५० ग्रॅमपेक्षाही कमी असते. मधुमेह, अपस्मार व स्थूलता या तीन विकारांत हा आहार निरनिराळ्या काळी उपचार म्हणून वापरण्यात आला. तो अखंड पाळावा की काही काळ पाळून मध्यंतरी सोडावा, हा प्रश्न या आहाराच्या इतिहासात प्रारंभापासून दिसतो. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक विकारात वेगळे मिळाले आहे.

शरीरक्रियात्मक पार्श्वभूमी : प्रौढ माणसाच्या यकृतात सु. १०० ग्रॅम व स्नायूंत सु. ४०० ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते. आहारातील कार्बोहायड्रेटे तोडल्यास यकृतातील साठा एकदोन दिवसांत बहुतांशी संपतो. इन्शुलिनाचे रक्तातील प्रमाण उतरते, साठविलेली वसा विघटित होऊ लागते आणि यकृत वसाम्लांपासून कीटोन पिंडे तयार करते. मेंदूला एरवी ग्लुकोज हेच इंधन लागते. परंतु दीर्घ उपोषणात तो मोठ्या प्रमाणावर कीटोन पिंडांवर चालतो, हे जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

ग्लायकोजेनाच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सु. ३ ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे हा आहार सुरू करताच पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने घटते आणि सोडताच तितक्याच वेगाने काही अंशी परत येते. या चढउतारातील एकदोन किलोग्रॅम वजन पाण्याचे असते, वसेचे नव्हे. आहार वारंवार धरणाऱ्या व सोडणाऱ्या व्यक्तीस प्रत्येक वेळी मोठे यश व मोठे अपयश आल्याचा जो भास होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

दुसरा परिणाम ग्लुकोज-सहनक्षमतेवर होतो. कार्बोहायड्रेटे दीर्घकाळ कमी घेतल्यानंतर एकदम ग्लुकोज दिल्यास निरोगी व्यक्तीतही रक्तशर्करा नेहमीपेक्षा अधिक चढते. उपासमार झालेल्या प्राण्यांत व माणसांत हा आविष्कार एकोणिसाव्या शतकातच दिसला होता. ब्रिटिश वैद्य हॅरल्ड हिम्सवर्थ (१९०५–९३) यांनी १९३० नंतरच्या दशकात आहारातील कार्बोहायड्रेटांशी असलेला त्याचा संबंध पद्धतशीरपणे तपासला. मधुमेहाच्या निदानासाठी ग्लुकोज-सहनक्षमता चाचणी घेण्यापूर्वी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेटे घ्यावीत, हा नियम त्यातूनच रूढ झाला. ही अवस्था रोग नसून तात्पुरते अनुकूलन होय व काही दिवसांत ती मावळते. तथापि आहारात खंड पाडताना एकाच जेवणात भरपूर गोड खाणे का इष्ट नाही, हे तीवरून स्पष्ट होते.

मधुमेह : ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये मधुमेहाच्या दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुख्यत्वे मांसाहारावर ठेवलेल्या पहिल्या रुग्णाच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली व त्याची प्रकृती सुधारली. दुसरा रुग्ण पथ्य नेटाने पाळू शकला नाही व त्याला तसा गुण आला नाही. पुढील सव्वाशे वर्षांच्या मधुमेहचिकित्सेची मध्यवर्ती अडचण अशा रीतीने पहिल्याच वृत्तांतात नमूद झाली. फ्रेंच वैद्य आपोलिनेर बूशार्दा (१८०६–८६) यांना १८७०–७१ मधील पॅरिसच्या वेढ्यात अन्नटंचाईमुळे आपल्या रुग्णांच्या मूत्रातील साखर कमी झाल्याचे आढळले. इटालियन वैद्य आर्नाल्दो कांतानी (१८३७–९३) यांनी सातत्यासाठी रुग्णांना कुलूपबंद खोलीत ठेवण्यापर्यंत मजल मारली.

हेतुपूर्वक खंड ठेवण्याची पद्धतही याच काळात पुढे आली. जर्मन वैद्य कार्ल फोन नोर्डेन (१८५८–१९४४) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ओट-चिकित्सा प्रचारात आणली. तीत काही दिवस मुख्यतः ओटची पेज आणि त्याआधी व नंतर भाजीपाल्याचे किंवा उपवासाचे दिवस अशी आलटापालट असे. वसा व मांस यांवर दीर्घकाळ ठेवलेल्या काही रुग्णांत वाढलेली रक्ताची अम्लता या उपायाने कमी होई.

अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन (१८७९–१९६४) यांनी १९१४ नंतर रॉकफेलर संस्थेत उपासाची कडक पद्धती बसविली. मूत्रातील साखर जाईपर्यंत उपास, नंतर अत्यल्प अन्नाची क्रमशः वाढ आणि साखर पुन्हा दिसताच पुन्हा उपास, असे तिचे स्वरूप होते. तीव्र मधुमेहाच्या बालकांचे आयुष्य तिने काही महिने वा काही वर्षे वाढविले. मात्र ते कंकालवत् देहाच्या मोलाने. ॲलन यांच्या एका बारा वर्षांच्या अंध रुग्णाच्या मूत्रात कडक देखरेखीतही साखर येत राहिली. अखेर तो भुकेपोटी दंतमंजनाची पेस्ट आणि पाळीव पक्ष्याचे दाणे खात असल्याचे उघडकीस आले. पथ्यभंग हा स्वभावदोष नसून भुकेचा परिणाम असू शकतो, ही गोष्ट या प्रसंगाने स्पष्ट केली. ॲलन यांच्याच उपचाराखाली असलेल्या एलिझाबेथ ह्यूझ (१९०७–८१) या मुलीचे वजन ऑगस्ट १९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सु. २० किग्रॅ. उरले होते. तिने पथ्य निष्ठेने पाळले होते. त्या महिन्यात टोराँटो येथे फ्रेडरिक बँटिंग यांनी तिला इन्शुलिन देण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर ती जवळजवळ ५९ वर्षे जगली. इन्शुलिनाच्या शोधाने कठोर सातत्याची अनिवार्यता संपुष्टात आली.

अपस्मार : उपासाने अपस्माराचे झटके थांबतात, हे निरीक्षण प्राचीन आहे. उपास अखंड चालविणे अशक्य असल्यामुळे त्याचाच चयापचयात्मक परिणाम अन्न घेऊन साधावा, या हेतूने अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर (१८८५–१९५९) यांनी १९२१ मध्ये कीटोजनक आहार सुचविला. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध उपलब्ध झाल्यावर त्याचा वापर मागे पडला आणि १९९० नंतर पुन्हा वाढला. लंडन येथे १४५ मुलांवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत हा आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते.

सातत्याचे महत्त्व येथे सर्वांत स्पष्ट आहे. मुलाने चोरून खाल्लेल्या गोड पदार्थानेही कीटोनमयता भंगते व झटके परतण्याचा संभव असतो. आहार सोडावयाचा तोही एकदम नव्हे. गुण आल्यास साधारणपणे दोन वर्षांनी, क्रमाक्रमाने व वैद्यकीय देखरेखीखाली. बंद केल्यानंतरही अनेक मुले झटक्यांपासून मुक्त राहतात. याउलट मेंदूकडे ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाची जन्मजात न्यूनता असलेल्या मुलांना हा आहार दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो.

स्थूलता : विल्यम बँटिंग (सु. १७९६–१८७८) हे लंडनमधील अंत्यविधींची व्यवस्था करणारे व्यावसायिक होते. होडी वल्हविणे, बाष्पस्नान इ. उपाय करूनही त्यांचे वजन हटेना. क्लोद बेर्नार यांची यकृत व शर्करा यांवरील व्याख्याने ऐकून आलेले वैद्य विल्यम हार्वी यांनी त्यांना पाव, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करण्यास सांगितले. ऑगस्ट १८६२ मध्ये २०२ पौंड (सु. ९२ किग्रॅ.) असलेले त्यांचे वजन वर्षभरात ४६ पौंडांनी (सु. २१ किग्रॅ.) उतरले. स्थूलतेवरील त्यांच्या १८६३ च्या पुस्तिकेला अफाट लोकप्रियता मिळाली. स्वीडिश भाषेत आहारनियंत्रणाचे क्रियापद त्यांच्या नावावरूनच आले आहे.

रॉबर्ट ॲटकिन्स (१९३०–२००३) यांच्या १९७२ च्या पुस्तकाने या आहाराचे पुनरुज्जीवन झाले. त्यांची योजना पायऱ्यांची होती : प्रारंभी अत्यंत कडक पथ्य, नंतर वजन स्थिर राहील त्या मर्यादेपर्यंत कार्बोहायड्रेटांत हळूहळू वाढ. १९७८ मधील स्कार्सडेल आहारात दोन आठवडे पथ्य व दोन आठवडे सैल आहार असा आवर्ती क्रम होता.

नियंत्रित चाचण्या एकविसाव्या शतकात झाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ व्यक्तींच्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांअखेर अल्प-कार्बोहायड्रेट गटाचे वजन अधिक घटले होते. वर्षाअखेर मात्र दोन गटांतील फरक लक्षणीय उरला नाही. २००५ मध्ये १६० व्यक्तींत चार प्रकारच्या आहारांची तुलना करण्यात आली. वजनातील घट आहाराच्या प्रकारापेक्षा तो किती काटेकोर पाळला यावर अवलंबून असल्याचे तीत आढळले. ॲटकिन्स आहार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे वर्ष पूर्ण होण्याआधीच गळाले होते. ६०९ व्यक्तींच्या २०१८ मधील चाचणीत वर्षभरात अल्प-वसा गटाचे सरासरी ५·३ किग्रॅ., तर अल्प-कार्बोहायड्रेट गटाचे ६ किग्रॅ. वजन कमी झाले. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरील २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांअखेर अल्प-कार्बोहायड्रेट आहाराने रोगशमनाचे प्रमाण अधिक आढळले. बारा महिन्यांपर्यंत हा लाभ ओसरला होता.

खंडित पद्धतीचा अभ्यास : क्रीडाक्षेत्रात खंडाचाच उपयोग करून घेण्यात आला. योनास बेर्गस्ट्रॉम व एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलीवर प्रत्येकाने केवळ एका पायाने दमेपर्यंत व्यायाम केला. पुढील तीन दिवस भरपूर कार्बोहायड्रेटे घेतल्यावर व्यायाम केलेल्या पायातील ग्लायकोजेन दुसऱ्या पायाच्या दुपटीवर गेले. त्यावरून दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंत काही दिवस कार्बोहायड्रेटे तोडून नंतर ती भरपूर घेण्याची प्रथा पडली. तोडण्याचा पहिला टप्पा अनावश्यक असल्याचे १९८१ मध्ये दिसून आले.

इंग्लंडमध्ये ११५ स्थूल स्त्रियांवरील २०१३ मधील चाचणीत आठवड्यातून दोनच दिवस कार्बोहायड्रेटे व ऊर्जा कमी घेणाऱ्या गटांची वसा रोज नियंत्रण करणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांत काहीशी अधिक घटली. ५१ स्थूल पुरुषांवरील एका ऑस्ट्रेलियन चाचणीत दोन आठवडे आहारनियंत्रण व दोन आठवडे वजन स्थिर ठेवणारा आहार असा क्रम ठेवला असता अखंड नियंत्रणापेक्षा अधिक वजन कमी झाले. मात्र तीत एकूण ऊर्जा कमी केली होती, विशेषेकरून कार्बोहायड्रेटे नव्हेत. शिवाय मधल्या आठवड्यांत अन्न मोजून दिले जात होते. असा नियोजित खंड आणि कंटाळून सोडलेले पथ्य या भिन्न गोष्टी होत. उंदरांवरील २०१७ च्या एका प्रयोगात आठवड्याआड कीटोजनक आहार दिल्याने मध्यम वयातील मृत्यू कमी झाले व वार्धक्यात स्मृती अधिक चांगली राहिली. या निष्कर्षांवरून मानवाविषयी अनुमान काढता येत नाही.

धोके : इन्शुलिन किंवा सल्फोनिलयूरिया गटातील औषधे घेणाऱ्या रुग्णाने कार्बोहायड्रेटे एकाएकी तोडल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि औषध कमी केल्यावर आहार सोडल्यास ती भडकते. मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील औषधांबरोबर या आहाराने कीटोन-अम्लरक्तता होण्याचा संभव असतो. अशा रुग्णांत आहाराचा प्रत्येक बदल हा औषधाच्या मात्रेतील बदलाइतकाच महत्त्वाचा असून तो वैद्याच्या सल्ल्यानेच करावयास हवा.

भारतीय संदर्भ : भारतीय आहार धान्यप्रधान आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ११·४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. त्यामुळे हा प्रश्न येथेही महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातील एकादशी, चतुर्थी इ. दिवशीच्या उपवासाला साबुदाणा, वरी, बटाटे व रताळी चालतात. हे सर्व पदार्थ कार्बोहायड्रेटप्रधान असल्यामुळे असा उपवास धार्मिक दृष्ट्या पथ्य असला, तरी आहारशास्त्रीय दृष्ट्या अल्प-कार्बोहायड्रेट आहारातील तो खंडच ठरतो.

एकंदरीत, अपस्मारासारख्या विकारात सातत्य हाच उपचाराचा गाभा असून खंड केवळ नियोजित समाप्तीच्या स्वरूपात संभवतो. स्थूलता व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांत मात्र अत्यंत कडक पथ्य काही महिने पाळून सोडण्यापेक्षा वर्षानुवर्षे निभेल असे सौम्य नियंत्रण अधिक उपयुक्त ठरते. विश्रांतीचा काळ ठेवावयाचाच असल्यास त्याची मुदत व त्या काळातील अन्न आधी ठरविणे आवश्यक असते. आहाराचे यश रुग्णाच्या निग्रहावरच सोपविल्यास काय होते, हे इन्शुलिनपूर्व काळातील मधुमेहचिकित्सेच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.