चिमणी आणि धोटा : लोअर परळच्या गिरणी-अवशेषांचे शोभामूल्य

कामाचे साधन निरुपयोगी ठरले की बहुधा ते भंगारात जाते; क्वचित मात्र त्याच्या सुट्या भागांना शोभेची वस्तू म्हणून दुसरे आयुष्य लाभते. वाऱ्याची दिशा व वेग यांनुसार स्वतःला आवरणाऱ्या पवनचक्कीचे पेटंट डॅनियल हॅलडे यांनी अमेरिकेत 1854 साली घेतले, आणि त्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली. पुढे विजेचे पंप आल्यावर तिकडच्या शेतांतील पवनचक्क्या मागे पडल्या आणि त्यांची जुनी पाती जुळवून अंगणात शोभेच्या चक्क्या उभ्या राहू लागल्या. लोअर परळच्या गिरण्यांनाही असे उत्तरायुष्य लाभले, परंतु त्यामागील कारणे अधिक कठोर होती.

वाफेच्या काळात बॉयलरचा धूर बाहेर नेणारी उंच चिमणी ही गिरणीची मूलभूत गरज होती. इंजिनाच्या जड चाकाची गती जाड दोरांनी मजल्यामजल्यावर पोहोचे आणि तेथील लांब दांड्यांवरून पट्ट्यांच्या साहाय्याने सूतकताईच्या यंत्रांना तसेच मागांना मिळे. 1915 पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि चालकशक्ती पुरवणारी वाफ हळूहळू मागे हटली. तरीही गिरण्या चालूच होत्या. त्यांचा खरा अस्त 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतरच्या वर्षांत झाला. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाची वाट खुली केली. 1905 साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात व्यापारसंकुल उभे राहिले, आणि तिची चिमणी त्या संकुलाची ओळख म्हणून टिकली.

चिमणी दुरूनही नजरेत भरते. धोट्याचे तसे नाही. मागावरील उभ्या ताण्यातून आडवा धागा नेणारा हा नावेच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना धातूची अणकुची, पोटात सूत गुंडाळलेली कांडी आणि बाजूला धागा बाहेर सोडणारे छिद्र असते. मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा इकडून तिकडे आदळल्याने त्याचे लाकूड झिजून गुळगुळीत होई, आणि कांडी संपली की ती बदलण्यासाठी विणकराला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागे.

आज असा धोटा दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवला जातो, तेव्हा ती झीज केवळ जुनेपणाची खूण समजली जाते. वस्तुतः ती कुणाच्या तरी पाळ्यांचा हिशेब आहे. म्हणून अवशेष जपणाऱ्याने वस्तूबरोबरच तिचे गिरणीतील खाते, तिचे काम आणि ते करणाऱ्या कामगाराचे कसबही नोंदवून ठेवले पाहिजे. कारण लोअर परळ घडले ते त्या कसबावर, आणि ते सांगितल्याशिवाय उरलेली चिमणी या वस्तीचा इतिहास सांगू शकत नाही.